आजीचं माहेर कुठल्या कागदात सापडतं?

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी आजीविषयीची पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. पाचही घरं कधी ना कधी मूळ गाव सोडून निघालेली: कुणी गिरणगावात, कुणी बडोद्याला, कुणी समुद्रापलीकडे. प्रश्न वेगवेगळे असले तरी अडचण एकच. आजोबांचा माग कागदोपत्री सहज लागतो, आजीचा लागत नाही. लग्नात तिचं नाव बदललं, आडनाव बदललं, गाव बदललं. म्हणून तिला सासरच्या कागदांत शोधून फारसं हाती लागत नाही. तिच्या वडिलांच्या आणि भावांच्या कागदांत ती भेटते.

प्रश्न: आजी लग्न होऊन संगमेश्वरकडून गिरणगावात आली. आजोबा गिरणीत होते. आजीला जाऊन वीस वर्षं झाली. माहेरच्या आडनावाबद्दल घरात दोन मतं आहेत, गावाचं नाव कुणालाच नक्की सांगता येत नाही. रेशनकार्ड आणि मृत्यूचा दाखला, दोन्हींवर सासरचंच नाव आहे. सुरुवात कुठून करू?
(वाचक, डोंबिवली)

उत्तर: सुरुवात कचेरीतून करू नका, माळ्यावरून करा. लग्नात आलेली तांब्या-पितळेची भांडी खाली काढा. हंडा, कळशी, परात, डबा, समई, काय असेल ते. भांड्यावर नाव घालायची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती. काठाच्या खाली किंवा बुडाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली ओळ असते. तिच्यात देणाऱ्याचं नाव, आडनाव, कधी गाव आणि बहुतेक वेळा तारीख असते. 'चि. सौ. कां.' म्हणजे भांडं वधूला दिलेलं. 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ' असेल तर देणाऱ्याच्या आधीच्या पिढीतलं एक नाव फुकट मिळालं. मामाने दिलेल्या परातीवरून आजीच्या आईचं माहेरही कळू शकतं. एवढी माहिती एका ओळीत देणारा दुसरा घरगुती पुरावा आम्हाला माहीत नाही.

भांडं आधी चिंच लावून घासू नका. नाव आधीच झिजलेलं असतं, ते आणखी झिजेल. कोरड्या फडक्याने धूळ पुसा. ओळीवर चिमूटभर टाल्कम पावडर किंवा कणीक बोटाने चोळा आणि वरची पुसून टाका. पांढरं पीठ ठिपक्यांत अडकून राहतं. मग खोलीत अंधार करून टॉर्च भांड्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा, समोरून नको. आडव्या उजेडात प्रत्येक ठिपक्याची सावली पडते आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारं अक्षर उठून येतं. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून चार फोटो घ्या. एका फोटोत 'व' दिसतो, तोच दुसऱ्यात 'ब' निघतो. तारीख शक संवतातली असू शकते. चैत्रापासून पौषाच्या मध्यापर्यंत शकात ७८ मिळवायचे, त्यानंतर फाल्गुन संपेपर्यंत ७९. म्हणजे 'माघ, शके १८५२' हे १९३१ सालचं लग्न, १९३० चं नव्हे. लग्नं माघ-फाल्गुनात पुष्कळ होतात, म्हणून ही चूक हमखास होते.

भांड्यांनंतर लग्नाची याद शोधा. देण्याघेण्याच्या या कागदावर दोन्हीकडचे कर्ते, त्यांची गावं आणि साक्षीदार असतात. वरच्या टोकाला हळदीकुंकू लावलेलं असतं, म्हणून घरच्यांनी ती पोथ्यांमध्ये ठेवली असण्याची शक्यता जास्त. पोथ्या पान न् पान उलटून बघा.

आडनाव आणि गाव हाती आलं की मग जमिनीचे कागद. इथे एक तारीख महत्त्वाची आहे. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला आणि मुली पहिल्या वर्गाच्या वारस ठरल्या. आजीचे वडील त्या तारखेनंतर वारले असतील तर त्यांच्या जमिनीच्या वारस नोंदीत मुलींची नावं यायला हवीत. ती नोंद सातबाऱ्यावर शोधू नका, फेरफारात शोधा, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. तिथे मिळाले नाहीत तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करायचा. अर्जात 'आजीचं नाव शोधून द्या' असं लिहिलं तर तो तसाच परत येतो, कारण फेरफार गाववार आणि क्रमांकाने लावलेले असतात. गाव, खातेदाराचं नाव, म्हणजे आजीच्या वडिलांचं किंवा भावाचं, आणि 'सन अमुक ते तमुक' असा पाच-सात वर्षांचा पट्टा द्या. क्रमांक माहीत नसेल तर आजच्या सातबाऱ्यावर जुन्या फेरफारांचे क्रमांक छापलेले असतात. त्यांच्यावरून मागे जाता येतं.

कोकणात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. खोती गावांत बहुतेक कुटुंबं कुळं होती. १९४८ चा कूळ कायदा आणि १९४९ चा खोती नष्ट करण्याचा कायदा येईपर्यंत जमीन खोताच्या नावावर होती. त्याआधीच्या कागदात मालक म्हणून पणजोबा नाहीत, यावरून ते त्या गावचे नव्हते असं धरू नका. कुळाच्या रकान्यात बघा.

वारस नोंदीनंतर पुष्कळ घरांत बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोड पत्र केलेलं असतं. ते नोंदलेलं असेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्याची प्रत मिळते. हा कागद जरूर मिळवा. त्यात आजीचं सासरचं नाव, माहेरचं नाव, वय, राहण्याचा पत्ता, भावाबहिणींची नावं एकत्र असतात आणि खाली तिची सही किंवा डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी असते. ज्या बाईने आयुष्यात एकही पत्र लिहिलं नाही, तिच्या हाताचा हा एकच ठसा कुठल्यातरी दप्तरात शिल्लक असू शकतो. अशा जुन्या दस्तांत बायकोच्या नावापुढे 'भ्र.' म्हणजे भ्रतार, 'कोम' किंवा 'जौजे' असं लिहून नवऱ्याचं नाव येतं, आणि मुलाच्या नावापुढे 'बिन' लिहून बापाचं. 'सरस्वती कोम रामचंद्र' म्हणजे रामचंद्राची बायको सरस्वती. 'कोम' हे आडनाव समजून महिनोन् महिने चुकीच्या घराण्याच्या मागे लागलेले लोक आहेत.

आडनाव, मूळ गाव आणि जात माहीत झाल्यावर त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे जा. त्यांच्या नामावळ्या गावाप्रमाणे आणि कुळाप्रमाणे लावलेल्या असतात. रामकुंडावर 'संगमेश्वर तालुक्यातल्या अमुक गावचे उपाध्याय कोण' असं विचारायचं. माहेरचं कोणी कधी तीर्थाला आलं असेल तर त्याने आपल्या हाताने बाप, आजा, भाऊ, मुलगे लिहिलेले असतात. जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा वेळ काढून जा. दक्षिणा द्या, विचारून फोटो घ्या आणि आपली आजची पिढी लिहून द्यायला विसरू नका. लिहिताना लेकीसुनांची नावंही घाला. तुमच्या नातवंडांवर हाच शोध पुन्हा करायची वेळ येऊ नये.

जन्माची नोंद शेवटी ठेवली, कारण तिच्यात निराशा फार होते. गावच्या कोतवाल बुकात जन्म बापाच्या नावाने नोंदलेला असतो आणि मुलाच्या रकान्यात बहुधा नुसतं 'मुलगी'. नोंद व्हायची तेव्हा बारसंच झालेलं नसे. बापाला चार मुली असतील तर कुठली नोंद कोणाची, हे बहिणींचा क्रम माहीत असल्याशिवाय ठरत नाही. आजी शाळेत गेली असेल तर गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा. त्यात जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी प्रवेशाच्या सोयीने घातलेली आहे असं धरा. त्यातलं नाव आणि बापाचं नाव खरं, तारीख नव्हे.

प्रश्न: मी मॉरिशसमधल्या वाक्वा इथून लिहीत आहे. मराठी शाळेत शिकलो, चुका असतील तर क्षमा असावी. माझी आजी होळीला झाकरीची गाणी म्हणायची. तिचे पूर्वज 'रत्नागिरी'चे, एवढंच ती सांगायची. आमचं आडनाव हे खरं तर कुणाचं तरी पाळण्यातलं नाव आहे. गाव सापडेल का?

उत्तर: तुमचं मराठी उत्तम आहे. आणि शोधाच्या बाबतीत तुम्ही मुंबई-पुण्यातल्या पुष्कळ वाचकांपेक्षा सुदैवी आहात, कारण तुमच्या पूर्वजांची माणसागणिक नोंद झालेली आहे.

मॉरिशसला करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून आली. पुढे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून माणसं गेली, सगळी मिळून साडेचार लाखांच्या वर. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीचे पुष्कळ. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण तुमचं खरं काम मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत होईल, कारण स्थलांतरितांची दप्तरं तिथे आहेत.

थेट तिथे जाऊन आडनाव सांगू नका. तुम्ही म्हणता तसं, तिकडे पणजोबाचं पाळण्यातलं नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. सखाराम किंवा बाबाजी नावाचे शेकडो जण उतरले असतील. आधी नागरी नोंदणी कार्यालयातून आजीचा जन्माचा दाखला घ्या. त्यावरून तिच्या आईवडिलांच्या लग्नाचा, मग त्यांच्या जन्माचा. एकेक पायरी मागे जात राहिलात की बाहेरून आलेल्या पहिल्या माणसाच्या नावाशेजारी एक क्रमांक दिसेल. तो स्थलांतरिताचा क्रमांक. तो बिनचूक उतरवून घ्या, आकडे दोनदा ताडून पाहा. जुन्या हस्ताक्षरात १ आणि ७ सारखे दिसतात आणि एका आकड्याच्या चुकीने दुसऱ्याच माणसाचं घराणं आपलं म्हणून घरी येतं. त्या क्रमांकावर नोंदवहीत नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाज आणि आल्याची तारीख मिळण्याची शक्यता असते. काहींचे फोटोही आहेत.

आजीच्या बाजूने शोधणाऱ्याने एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. जहाजातून उतरलेल्या बाईला नवऱ्याच्या क्रमांकाखाली टाकलेलं नसतं. तिचा क्रमांक वेगळा, तिची ओळ वेगळी, आणि त्या ओळीत तिच्या बापाचं नाव असतं. म्हणजे रत्नागिरीत राहिलेल्या तिच्या बहिणीपेक्षा तिची नोंद जास्त पूर्ण असू शकते. दाखल्यावर नवऱ्याचा क्रमांक मिळाला म्हणून थांबू नका, तिचाही मागा.

आता गावाचं नाव. कारकुनाने कानाला आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं. ते डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा आणि कोकणातल्या माणसाला ऐकवा. परगणा किंवा तालुका असल्याशिवाय गाव पक्कं धरू नका, एकाच नावाची गावं आणि वाड्या कोकणात ठिकठिकाणी आहेत. जिल्ह्याच्या सीमाही पाहा. आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता. मालवण, देवगड, कणकवलीकडचा माणूसही नोंदवहीत 'रत्नागिरी'चाच. सावंतवाडी मात्र संस्थान होतं, ते वेगळं लिहिलेलं सापडेल. सातारा जिल्ह्याचं रत्नागिरीसारखंच, आजच्या सांगलीचा बराच मुलूख तेव्हा त्यात होता. गावाच्या रकान्यात नुसतं 'मुंबई' असेल तर ते जहाजात चढायचं बंदर असू शकतं, जन्मगाव नव्हे.

झाकरीचा धागा सोडू नका. रत्नागिरीकडे जाखडी म्हणतात ती हीच परंपरा. ढोलकी आणि झांज मध्ये, भोवती पायात घुंगरू बांधून नाचणारे, आणि गाण्यांत गणाने सुरुवात. आजीची गाणी शब्द कळत नसले तरी जशी उच्चारली जातात तशी देवनागरीत उतरवा आणि आवाजही ध्वनिमुद्रित करा. क्रिओलमध्ये विरघळलेला एखादा शब्द, एखाद्या ग्रामदेवतेचं नाव कोकणातला शाहीर ऐकताक्षणी ओळखू शकतो. देवतेचं नाव कळलं तर गावांची यादी पन्नासावरून पाचावर येते.

गावात पोहोचलात तर सातबाऱ्याची आशा धरू नका. गेलेला माणूस हे कागद सुरू होण्याच्या कितीतरी आधी निघून गेला होता. भावकीतल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा, 'आपल्यातलं कोणी साखरेच्या बेटावर गेलं होतं का?' आपल्याकडे साखरेला 'मोरस' म्हणत, तो शब्द मॉरिशसवरूनच आला. 'मॉरिशस' म्हटल्यावर मान हलवणारं माणूस 'मोरस' म्हटल्यावर बोलू लागेल.

प्रश्न: आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजी १९६० च्या दशकात अलिबागकडून इस्रायलला आली, मी अश्दोदला वाढले. प्रार्थनेच्या वेळी ठेवतात तो तिचा गोड पोह्यांचा मलिदा मला जमत नाही, पोह्यांचा लगदा होतो. आणि तिचं जन्मगाव बघायला यायचं आहे.

उत्तर: लगदा होतो कारण पोहे भिजत घातले जातात. मलिद्याला पातळ पोहे लागतात आणि ते भिजवायचे नसतात, नुसते ओले करायचे असतात. अर्धा किलो पोहे चाळणीत घ्या, नळाखाली हाताने वरखाली करत एकदाच पाणी जाऊ द्या, आणि चाळणी तिरकी ठेवून दहा मिनिटं निथळू द्या. तिकडे मिळणारे पोहे जाड असतील तर दोनदा धुवा, निथळायला वीस मिनिटं द्या. मग एका मोठ्या नारळाचा चव, पाव किलो बारीक चिरलेला गूळ किंवा तेवढीच साखर, आठ-दहा वेलदोड्यांची पूड, थोडं जायफळ, काजू-बदाम-बेदाणे. आधी चव आणि गूळ एकत्र चोळा, मग पोहे घाला आणि बोटांच्या टोकांनी हलकेच वरखाली करा. चमचा घालू नका. गुळाला लगेच पाणी सुटतं, म्हणून सगळी तयारी करून ठेवा आणि मिसळायचं काम प्रार्थनेच्या अर्धा तास आधी करा. गोठवलेला चव वापरत असाल तर तो पूर्ण सुटून पिळून घ्या, निम्मा लगदा त्याच्याच पाण्याने होतो. तबकाभोवती फळं मांडताना झाडाची आणि जमिनीची वेगळी ठेवा, आशीर्वाद वेगळे आहेत. केळं आपल्याला झाडाचं वाटतं, पण ते जमिनीच्या फळांत धरतात.

गावाचं म्हणाल तर ते तुमच्या आडनावातच आहे. पेणकर, आष्टमकर, राजपूरकर, नागावकर, दिवेकर अशी बेने इस्राएल आडनावं कोकणातल्या गावांवरूनच पडली. पण ते आजोबांकडचं गाव. आजीसाठी तिच्या लग्नाचा केतुबा, म्हणजे ज्यू विवाहाचा करारनामा, पाहा. त्यात वधूचं नाव आणि तिच्या बापाचं नाव घातलेलं असतं, आणि आपल्याकडच्या इतर समाजांच्या जुन्या लग्नांत इतका स्पष्ट कागद क्वचित मिळतो. घरी नसेल तर लग्न ज्या सिनेगॉगमध्ये झालं तिथल्या नोंदवहीची चौकशी करा. अलिबागचं मागेन आबोत हे सिनेगॉग इस्रायल आळीत आहे. कुटुंब मुंबईमार्गे गेलं असेल तर मांडवीचं शारे रहामीम. हे १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं, आणि लोक त्यांना सामाजी हसाजी म्हणत. यावरून एक धडा घ्या. नोंदीत हिब्रू नाव आणि घरात मराठी वळणाचं, असं दुहेरी चालत असे. आजीच्या वडिलांची दोन्ही नावं बरोबर घेऊन या.

दफनभूमीतल्या शिळांवर मराठी आणि हिब्रू दोन्ही असतं. हिब्रू सालातून ३७६० वजा करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात नवं वर्ष लागल्यापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या तारखेला ३७६१. अक्षर वाचण्यासाठी शिळेवर खडू, तेल किंवा साबण लावू नका. साधं पाणी ओता आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरकं असताना फोटो घ्या. पावसाळ्यात येऊ नका, शिळा शेवाळाखाली असतात. जानेवारी उत्तम.

प्रश्न: आमचं घराणं चार पिढ्या बडोद्याला. आजीच्या वहीत मसाल्याचं माप असं आहे: 'मिरच्या दीड शेर, धणे अर्धा शेर, सुकं खोबरं पावशेर, तीळ अदपाव, लवंग दोन रुपयेभार, हिंग एक आण्याचा.' आजच्या मापात किती?
(वाचक, बडोदा)

उत्तर: हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे, कारण तुम्ही बडोद्याला आहात. एक तोळा म्हणजे एक रुपयेभार, ११.६६ ग्रॅम. हे दोन्हीकडे सारखं. पण शेर सारखा नव्हता. महाराष्ट्रात पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. गुजरातेत शेर ४० तोळ्यांचा चाले, सुमारे ४६७ ग्रॅम. ८० च्या हिशेबाने मिरच्या १४०० ग्रॅम, धणे ४६७, खोबरं २३३, आणि तीळ अदपाव म्हणजे पावशेराचा अर्धा, ११७ ग्रॅम. ४० च्या हिशेबाने हे सगळं निम्मं. लवंग मात्र दोन्ही हिशेबांत २३ ग्रॅमच राहते. चुकीचा शेर धरला तर लवंगेचं प्रमाण दुप्पट होईल नाहीतर निम्म्यावर येईल, आणि 'आजीच्या हाताची चव नाही' असं वाटत राहील. चूक तुमच्या हाताची नाही, शेराची.

आजीने ही कृती माहेराहून आणली की बडोद्यात शिकली, त्यावर उत्तर आहे. वहीत बाजारहाटाचा हिशेब असेल तर तो पाहा, तिथे एखादी शेर-तोळ्याची जोडी सापडते. नाहीतर दोन्ही हिशेबांनी दहावा हिस्सा करून बघा. एकदा १४० ग्रॅम मिरच्यांना २.३ ग्रॅम लवंग, एकदा ७० ग्रॅम मिरच्यांना तेवढीच लवंग. दोन पुड्या घरातल्या सगळ्यांत वडील माणसाला आमटीत घालून द्या, कुठली कोणती ते न सांगता. हिंग एक आण्याचा किती, हे भाव कळल्याशिवाय सांगता येत नाही. दीड किलो मिरच्यांच्या मसाल्याला आजचा बांधणीचा हिंग १० ग्रॅमपासून सुरू करा आणि वाढवत न्या.

मसाला करताना धणे मंद आचेवर, नुसता वास सुटेपर्यंत भाजा. रंग पालटला की कडवटपणा आलाच. खोबरं आणि तीळ शेवटी भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच कुटायला द्या. गरम दिलं तर तेल सुटून गोळे होतात आणि पावसाळ्यात मसाला खवट होतो. आणि वहीच्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा, तेलाच्या डागांसकट.

प्रश्न: आजी ८९ वर्षांची आहे, जन्म कराचीचा. १९४७ मध्ये बोटीने मुंबईला आली. तिचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आहे, पण विचारलं की 'काय सांगू, सगळं विसरले' म्हणते. कराचीचा एकही कागद घरात नाही. भिंतीवर तिच्या आईवडिलांचा एक फोटो आहे, तोही काचेला चिकटला आहे.
(वाचक, पुणे)

उत्तर: हे या महिन्यातच सुरू करा. बाकीचे कागद थांबतील.

'कराचीचं काय आठवतं?' हा प्रश्न विचारू नका. तो फार मोठा आहे आणि त्याच्या तळाशी १९४७ आहे. कागद आणि पेन्सिल द्या आणि घर काढायला सांगा. दार कुठे, चूल कुठे, पाणी कुठून यायचं, रात्री कोण कुठे झोपायचं. रेघ ओढताना माणसं आपोआप घरात येतात. मग शाळेची वाट, शेजारी कोण, दूध कोण घालायचं, सणाला कुठल्या देवळात जायचं. निघण्याचा दिवस तिने स्वतःहून काढला तर ऐका. नाही काढला तर खोदू नका.

वेळ सकाळी चहानंतरची, अर्धा-पाऊण तास, त्याहून जास्त नाही. पंखा आणि फ्रिज त्या खोलीत नको, कानाला न जाणवणारी त्यांची घरघर मुद्रणात आवाज खाते. फोन विमान मोडवर टाका, घडी केलेल्या नॅपकिनवर तिच्या तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर ठेवा. उघड्या टेबलावर ठेवला तर बांगड्यांचा प्रत्येक आवाज ठोक्यासारखा येतो. सुरुवातीला तारीख, जागा आणि तिचं पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं, तिच्याच तोंडून घ्या. ती थांबली की तुम्हीही थांबा. मनात दहा मोजा. बहुतेक मोलाच्या गोष्टी त्या दहा आकड्यांत येतात, आणि नातवंडं नेमकी तिथे पुढचा प्रश्न विचारतात. तीच गोष्ट तिने तिसऱ्यांदा सांगितली तरी चालू द्या. प्रत्येक वेळी एखादं नाव नवीन निघतं. सिंधी शब्द आले तर लिहिताना मराठी करू नका.

कागदांसाठी तिचा १९४७ नंतरच्या पहिल्या शाळेचा दाखला किंवा जनरल रजिस्टरमधली नोंद शोधा. तिच्यात 'यापूर्वीची शाळा' असा रकाना असतो. कराचीतल्या शाळेचं नाव तिथे मिळू शकतं. भाऊ असतील तर त्यांचेही दाखले काढा. मुलग्यांच्या बाबतीत नारायण जगन्नाथ हायस्कूल हे नाव निघालं तर नवल नाही. सिंधमधली ती पहिली सरकारी शाळा आणि तिला नाव नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं. सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. आजीचे वडील किंवा आजोबा त्याआधी सरकारी नोकरीत लागले असतील तर त्यांची नेमणूक मुंबई सरकारच्या कागदांत असू शकते. तो शोध मुंबईच्या पुराभिलेखागारात करायचा.

काचेला चिकटलेला फोटो सोडवायचा प्रयत्न करू नका. ओलाव्याने फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला धरतो. ओढलात तर चेहरा काचेवर राहील आणि कागद हातात येईल. वाफ देऊन किंवा पाण्यात बुडवून बघणं हा जुगार आहे. चौकटीतून काच आणि फोटो एकत्रच बाहेर काढा. काचेची बाहेरची बाजू किंचित ओलसर फडक्याने पुसा, फडक्यावर पाणी घ्यायचं, काचेवर ओतायचं नाही. मग तसंच स्कॅनरवर पालथं ठेवून ६०० डीपीआयला, टिफ प्रकारात स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी, अंगात काळा शर्ट घालून फोटो काढा, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब पडणार नाही. मागचा पुठ्ठा फेकू नका. फोटोग्राफरच्या स्टुडिओचा शिक्का त्यावरच असतो, आणि त्याखाली गावाचं नाव. आजीला तो पुठ्ठा हातात द्या आणि फोन चालू ठेवा.